न सांगितलेली आठवण

बराकाचा आकडा एकतीस आला. तो साठच्या पुढे यायला हवा होता.

आश्रय न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या कचेरीत कारकुनाने खिडकीतून निकालपत्र पुढे सरकवलं आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. बराकाने सही केली आणि जिन्यात उभं राहूनच ते सहा पानी पत्र वाचलं. ‘मरेंगा प्रजासत्ताकात झालेल्या राजकीय छळाबाबत अर्जदाराचे कथन सुसंगत आहे. तथापि स्मृतिवेध चाचणीत ते ऐकीव या वर्गात मोडते. सबब अर्ज नामंजूर. तीस दिवसांत देश सोडावा.’

मराठी त्याला चांगलं समजत होतं. बारा वर्षांपूर्वी भूगोलात एम. ए. करायला तो सरोवराकाठच्या आपल्या छोट्या देशातून पुण्याला आला होता आणि बोपोडीत कदमकाकूंकडे दोन वर्षं राहिला होता. जीव वाचवून पळायची वेळ आली तेव्हा तो इथेच आला. आपल्या गावाबाहेरचं जगातलं हे एकच शहर असं होतं, जिथे त्याला रस्ता विचारता येत होता.

घरी नेएमा कांदा चिरत होती. त्याची बायको त्याच्यानंतर आठ महिन्यांनी पुण्याला पोचली होती आणि आता एका इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला जात होती.

“त्यांचं म्हणणं असं, की हे माझ्या बाबतीत घडलेलंच नाही,” बराका आपल्या भाषेत म्हणाला. “मी ते दुसऱ्या कुणाकडून ऐकलंय.”

तिची सुरी थांबली. “एकेचाळीस दिवस?”

“एकेचाळीस दिवस.”

“आणि याकोबो? तोही ऐकीव?”

याकोबो तिचा धाकटा भाऊ.

मरेंगात बराका शाळेत शिकवत होता. निवडणुकीत त्याला मतमोजणी केंद्राचा प्रमुख नेमलं गेलं. मोजणीत विरोधी पक्ष पुढे गेला आणि वरून वेगळ्याच आकड्यांचा तक्ता आला, खाली फक्त त्याची सही हवी होती. त्याने ती केली नाही. तिसऱ्या दिवशी नेएमा आईकडे गेलेली असताना माणसं घरी आली आणि त्याला व त्याच्याकडे राहणाऱ्या याकोबोला उचलून एका बंद पडलेल्या सिमेंटच्या गुदामात घेऊन गेली. एकेचाळिसाव्या दिवशी बराका सुटला. याकोबो सुटला नाही. “एके दिवशी त्याला बाहेर नेलं, परत आणलं नाही,” इतकंच बराकाने नेएमाला सांगितलं होतं. ते खरं होतं.

---

ॲडव्होकेट उल्का दाभाडे यांचं ऑफिस शिवाजीनगरला होतं. बाई पन्नाशीच्या, बोलणं तुटक. त्यांनी निकालपत्र दोनदा वाचलं.

“अपील करायचं?” बराकाने विचारलं.

“या कायद्यात अपीलच ठेवलेलं नाही. उच्च न्यायालयात रिट करता येईल. पण एक समजून घ्या. तुमची हकिकत खरी की खोटी, हे ते कोर्ट बघणार नाही. निर्णय ज्या रीतीने घेतला ती रीत बरोबर होती का, एवढंच बघेल. स्वयंपाक चवीला कसा झाला हे नाही, हात धुऊन केला होता का, तेवढंच.”

“आणि नव्हते धुतले तर?”

“तर म्हणतील, पुन्हा करा.” त्यांनी चष्मा काढला. “आतापर्यंत किती जणांना सांगितलंत हे सगळं?”

बराकाने मनात मोजलं. सीमेवरचा पाद्री. मदत संस्थेची तीन माणसं. डॉक्टर. सरकारने लावून दिलेला समुपदेशक, दर आठवड्याला, वर्षभर. दोन वार्ताहर. न्यायाधिकरणाचे अधिकारी, चार वेळा. “साठेक वेळा तरी,” तो म्हणाला.

“तिथेच घात झाला,” बाई म्हणाल्या.

स्मृतिवेध यंत्राचं तत्त्व मुळात चुकीचं नव्हतं. माणूस स्वतः अनुभवलेली गोष्ट आठवतो तेव्हा त्याच्या मेंदूत ती अंशतः पुन्हा घडते. वास घेणारा भाग वास नसताना जागा होतो, ऐकणारा भाग आवाज नसताना. खोल आत असलेला हिप्पोकॅम्पस हे सगळे धागे एका क्षणात एकत्र ओढतो. ऐकलेली किंवा पाठ केलेली गोष्ट आठवताना मात्र मुख्यतः भाषेचे भाग काम करतात. डोक्यावर हलकं शिरस्त्राण चढवून हा फरक मिनिटभरात मोजता येऊ लागला आणि त्याचा शून्य ते शंभर असा निर्देशांक ठरला. पळून आलेल्या माणसाकडे कागद नसतात, साक्षीदार नसतात. त्यामुळे यंत्र आलं तेव्हा सर्वांत आधी आनंद झाला तो अशा माणसांनाच. आता कुणापुढे रडून दाखवावं लागणार नाही, असं त्यांना वाटलं.

पण आठवण ही पेटीत ठेवलेली वस्तू नसते. प्रत्येक वेळी बाहेर काढली की ती सैल होते आणि नव्याने घडी घालूनच परत ठेवावी लागते. सांगताना जे शब्द वापरले ते त्या घडीत जातात. दहा वेळा सांगितलं की शब्द घट्ट होतात, वास विरतो. पन्नास वेळा सांगितलं की माणसाला घटना आठवत नाही, आपलं सांगणं आठवतं. यंत्र ते प्रामाणिकपणे टिपतं आणि ‘ऐकीव’ म्हणतं. गंमत अशी, की अर्ज केला की न्यायाधिकरणच माणसाला चार-चार वेळा सांगायला लावत होतं.

“यंत्र खोटं बोलत नाही,” दाभाडेबाई म्हणाल्या. “तुम्हीही नाही. मला कोर्टाला एवढंच पटवायचंय.”

---

उच्च न्यायालयात न्यायमूर्ती इंदुमती देवस्थळी यांच्यापुढे पाऊण तास सुनावणी झाली. सरकारी वकील पाठारे म्हणाले, “हजारो अर्ज एका निकषावर तपासले जातात. एकाला सूट दिली तर निकषच उरणार नाही.” दाभाडेबाईंनी समुपदेशकाची नोंदवही पुढे ठेवली आणि म्हणाल्या, “मिलॉर्ड, सरकारनेच याला बोलायला पाठवलं आणि बोलला म्हणून सरकारनेच नापास केलं.”

न्यायमूर्तींनी बराच वेळ कागद चाळले. अंतरिम आदेश छोटा होता. हद्दपारीला स्थगिती. अर्जदाराची फेरचाचणी तीन आठवड्यांनी, आणि ती अशा एखाद्या आठवणीवर, जी त्याने यापूर्वी कोणाजवळही सांगितलेली नाही.

बाहेर व्हरांड्यात दाभाडेबाई थांबल्या. “बराका, त्या एकेचाळीस दिवसांतलं असं काही आहे, जे तुम्ही कुणालाच सांगितलं नाही?”

“नाही,” तो म्हणाला. नंतर म्हणाला, “आहे.”

“समुपदेशकाला?”

“नाही.”

“नेएमाला?”

त्याने नकारार्थी मान हलवली. बाईंनी लगेच हात वर केला. “बस. मलाही सांगू नका. कुणालाही नाही. मनातल्या मनात घोळवूही नका. जशी आहे तशी राहू द्या. तुमच्या हातात आता तेवढंच आहे.”

---

तीन आठवडे एखादी गोष्ट न आठवणं म्हणजे काय, हे बराकाला पहिल्या दोन दिवसांतच कळलं. शेजारच्या प्लॉटवर इमारतीचं काम चालू होतं. ओल्या सिमेंटचा वास आला की तो रस्ता बदलायचा. बसथांब्यापर्यंत पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटं लागायला लागली. तो पाढे म्हणायचा, नद्यांची नावं उगमापासून मुखापर्यंत म्हणायचा. आठवण वर येतेय असं वाटलं की नळाखाली मनगटं धरायचा. आपण तिला हात लावला का? आत्ता जे क्षणभर दिसलं ते मोजलं जाईल का? पाच गुण गेले की दहा?

नेएमाच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. आदेशाचा कागद तिने बोपोडीच्या कदमकाकूंकडून वाचून घेतला होता. आठव्या दिवशी तिने विचारलं, “कुणालाच न सांगितलेलं काय आहे?”

“चाचणी होऊ दे.”

“याकोबोबद्दल आहे?”

तो उठून नळाखाली मनगटं धरायला गेला.

“आई दर रविवारी फोनवर विचारते. मी म्हणते, बराकालाही माहीत नाही. आणि तुला माहीत आहे.”

“नेएमा, दोन आठवडे. सांगितलं तर आकडा पडेल. आकडा पडला तर मला परत पाठवतील. तुलाही. तिथे काय होईल ते तुला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे.” तिने ताट उचललं. “म्हणजे आधी यंत्राला, मग मला.”

त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली. भांडण असं झालं नाही. ती धोबीखान्यातून यायची, हात तेलाने चोळायची, खिडकीशी बसायची. तिने पुन्हा विचारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. एकदा झोपेतून दचकून उठल्यावर आपण काही बडबडलो का, असं त्याने तिला विचारलं. ती म्हणाली, “घाबरू नकोस. मी ऐकलं नाही.”

चाचणी गुरुवारी सकाळी होती. बुधवारी नेएमाला सुट्टी होती. दुपारी जेवणं झाल्यावर ती ताटं उचलत असताना बराका म्हणाला, “बस जरा.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. “उद्या चाचणी आहे,” ती म्हणाली.

“माहितीये. बस.”

ती ताटं हातात घेऊनच बसली.

“एकोणिसावा दिवस होता,” तो म्हणाला. “खऱ्या आकड्यांची नक्कल मी एका कागदावर करून घेतली होती. तो कागद माझ्या अंगरख्याच्या अस्तरात होता. ओला होऊन फाटेल म्हणून मी तो काढून विटेखाली ठेवला. त्यांना तो सापडला. आम्ही दोघंच होतो तिथे. अधिकाऱ्याने कागद उचलून विचारलं, कुणाचा? बाहेर लॉरी उभी होती, इंजिन चालू. मी तोंड उघडायच्या आत याकोबो म्हणाला, माझा.”

नेएमा हलली नाही.

“नाही. तसं नाही,” तो म्हणाला. “तोंड उघडायच्या आत, हे खरं नाही. मला वेळ होता. अधिकाऱ्याने दुसऱ्यांदा विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं. अक्षर माझं होतं, मी मास्तर, कुणालाही कळलं असतं. मी खाली बघत राहिलो. मग त्याला नेलं. लॉरीचं इंजिन बराच वेळ चालू होतं. मग बंद झालं. नंतर काहीच ऐकू आलं नाही.”

खालच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावला आणि बंद केला.

“त्याच्या पायात काय होतं?” नेएमाने विचारलं.

“काय?”

“जाताना. पायात काय होतं?”

बराकाने डोळे मिटले. “एकच चप्पल. डाव्या पायात. उजवा पाय सुजला होता.”

“काही बोलला?”

“माझ्याकडे बघून म्हणाला, मास्तर, दिदीला सांभाळ. हसला नाही, रडला नाही. नेहमीसारखंच म्हणाला.”

ती उठली, ताटं मोरीत ठेवली आणि धुतली. मग तिने एका पिशवीत दोन कपडे भरले. विश्रांतवाडीला तिची धोबीखान्यातली मैत्रीण राहत होती. दारात ती म्हणाली, “सांगितलंस, ते बरं केलंस,” आणि गेली. ते वाक्य त्याने त्या दिवशी किती वेळा उलटून पाहिलं, पण त्यात माफी आहे की नाही हे त्याला ठरवता आलं नाही.

---

गुरुवारचा आकडा बावन्न आला.

दाभाडेबाईंनी ऑफिसमध्ये फाइल टेबलावर टाकली. “एकवीसने वाढला. पण आठ कमी. बराका, खरं सांगा. कुणाला बोललात?”

“नेएमाला. आदल्या दिवशी दुपारी.”

“एक दिवस!” त्यांचा आवाज चढला. “एक दिवस थांबता आलं नाही?”

“आकडा आल्यावर सांगितलं असतं, तर ती आयुष्यभर म्हणाली असती की आधी स्वतःचा जीव वाचवला आणि मग बोलला. एकदा तसंच केलंय मी, मॅडम.”

बाईंना यातलं काही कळणं शक्य नव्हतं, तरी त्यांनी फाइल पुन्हा जवळ ओढली. थोड्या वेळाने म्हणाल्या, “हे कोर्टापासून लपवता येणार नाही. आणि मी लपवणारही नाही.”

अंतिम सुनावणीला पाठारे दोन मिनिटंच बोलले. “अर्जदाराला हवी तशी चाचणी दिली. तीतही तो उत्तीर्ण झाला नाही. आदेशात काय म्हटलंय हे ठाऊक असताना त्याने स्वतःच ती आठवण बायकोला सांगून टाकली. आता दोष कुणाला द्यायचा?”

रिट अर्जात अर्जदाराला सहसा कुणी काही विचारत नाही. न्यायमूर्ती देवस्थळींनी विचारलं. “तुम्ही पत्नीला का सांगितलंत?”

बराका मागच्या बाकावरून उठला. “साहेब, ती त्याची बहीण आहे,” तो म्हणाला. अजून काहीतरी बोलायला हवं असं त्याला वाटलं, पण त्याहून वेगळं कारण त्याच्याकडे नव्हतं.

न्यायमूर्तींनी चाचणी घेणाऱ्या डॉ. हर्डीकरांना पुढे बोलावलं. सडपातळ, काळजीपूर्वक बोलणारा माणूस.

“एकदा सांगितल्याने निर्देशांक किती उतरतो?”

“व्यक्तीगणिक वेगळं. पाच, दहा, वीससुद्धा.”

“या अर्जदाराचा किती उतरला?”

“सांगता येणार नाही.”

“का?”

“सांगण्याआधीचा आकडा आपल्याकडे नाही. तो घ्यायचा तर आधी आठवण जागी करायला हवी. आणि एकदा जागी केली की ती पहिल्यासारखी राहत नाही.”

“म्हणजे बुधवारी सकाळी हाच आकडा बहात्तर असू शकला असता?”

“असू शकला असता. नसताही.”

“आणि साठची रेषा कुठून आली?”

“ज्या लोकांवर ती ठरवली, त्यांनी त्या आठवणी कुणाला सांगितल्या होत्या का, हे विचारलेलं नव्हतं.” हे बोलताना त्यांनी पाठाऱ्यांकडे पाहिलं नाही.

निकाल पंधरा दिवसांनी आला. बराका छळाला बळी पडला की नाही, यावर त्यात एक अक्षर नव्हतं. ते ठरवणं या न्यायालयाचं काम नाही, असं पहिल्याच परिच्छेदात म्हटलं होतं. पुढे लिहिलं होतं: ‘ज्या पद्धतीत आपलं म्हणणं खरं ठरवून घेण्यासाठी माणसाला ते आपल्या माणसांपासून लपवून ठेवावं लागतं, ती पद्धत न्याय्य म्हणता येत नाही. यंत्राचा आकडा हा पुरावा असू शकतो. तो निकाल असू शकत नाही.’ नकाराचा निर्णय रद्द झाला. अर्ज नव्याने ऐकण्यासाठी परत न्यायाधिकरणाकडे गेला, या अटीवर की तो यंत्र नव्हे, माणूस ऐकेल.

“जिंकलो?” बराकाने फोनवर विचारलं.

“पुन्हा स्वयंपाक करा, म्हणालेत,” दाभाडेबाई म्हणाल्या. “आता सगळं परत सांगावं लागेल. तेही.”

---

नव्या सुनावणीचे सदस्य होते गंगाधर मोहोड, अमरावतीचे निवृत्त जिल्हा न्यायाधीश. खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि पंखा. बराकाने साडेतीन तास सांगितलं. एकोणिसाव्या दिवसापाशी आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की विटेखालचा कागद आठवतोय, याकोबोचं उत्तर आठवतंय, पण ओल्या सिमेंटचा वास आता येत नाही. तो मध्येच थांबला. मोहोडांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि घाई केली नाही.

मग दार उघडून नेएमा आत आली. साक्षीला ये, असं तिला बराकाने सांगितलं नव्हतं, त्याची हिंमत झाली नव्हती. दोन महिने ती विश्रांतवाडीलाच होती. तिने दाभाडेबाईंना स्वतः फोन केला होता. दुभाषी नको म्हणाली, तिला येतं तेवढ्या मराठीत बोलणार होती.

“तुम्ही त्या गुदामात नव्हता,” मोहोड म्हणाले. “तुम्हाला जे माहीत आहे ते यांनी सांगितलेलं. मग ते खरं आहे हे तुम्ही कशावरून म्हणता, बाई?”

नेएमाने बराकाकडे पाहिलं नाही. तिचे दोन्ही हात टेबलावर होते, साबणाच्या पाण्याने पांढुरके पडलेले.

“नवरा बायकोला खोटं सांगतो,” ती म्हणाली. “मला माहिती. सगळ्या बायकांना माहिती. पण खोटं सांगतो तेव्हा स्वतःला चांगला करतो. याने स्वतःला वाईट करून सांगितलं. माझ्या भावाचं सांगितलं. मी घर सोडून जाणार, हे त्याला माहिती होतं. तरी सांगितलं.” तिने शब्द शोधला, सापडला नाही, मग साधाच वापरला. “असं खोटं कोण सांगेल? कशाला?”

मोहोडांनी लिहिणं थांबवलं. जरा वेळाने त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले, “ठीक आहे. मला अजून काही विचारायचं नाही.”

नऊ दिवसांनी आदेश आला. आश्रय मंजूर. अर्जदार आणि पत्नी, दोघांना. कारणांच्या परिच्छेदात मोहोडांनी बावन्नचा आकडा नोंदवला होता, डॉ. हर्डीकरांची साक्ष नोंदवली होती आणि शेवटी एक ओळ लिहिली होती: ‘मी दोघांनाही समोर बसवून ऐकले आणि माझा त्यांच्यावर विश्वास बसला.’

आदेशाची प्रत घ्यायला दोघांनी एकत्र यायला हवं, असा नियम होता. त्या कारकुनाने त्याच खिडकीतून दोन प्रती सरकवल्या आणि या वेळी स्वतःहून “अभिनंदन” म्हणाला. दोघं बाहेर फुटपाथवर आली. ऊन चढलं होतं. समोर रिक्षांची रांग होती. नेएमाने कागदाची घडी घातली आणि पिशवीत सर्वांत तळाशी ठेवली.

“घरी येतेस?” बराकाने विचारलं.

त्यांच्या भाषेत नकारासाठी दोन शब्द आहेत. एक ‘नाही’ आणि दुसरा ‘अजून नाही’. नेएमाने रस्त्याकडे पाहिलं, एक रिक्षा जाऊ दिली, आणि दुसरा शब्द उच्चारला.